नंबरावरून लागलेला शोध



माझे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले, ते परतलेच नाहीत. मृत्यूची तार हरवली; तिथी माहीत नसल्याने त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला व्हायचं.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव सापडेना. इंग्रजी स्पेलिंग भलतंच होतं. शेवटी आजीच्या ट्रंकेतल्या पेन्शनच्या कागदावरचा शिपाई नंबर घालून पाहिला. पलटण, वडिलांचं नाव, गाव, सगळं जुळलं. सांग्रो नदीच्या लढाईत, नोव्हेंबर १९४३ मध्ये ते पडले. तिथल्या दहनस्मारकावर पाचशेहून अधिक हिंदी जवानांत त्यांचंही नाव आहे.

तारखेवरून पंचांगात तिथी काढली. यंदा प्रथमच पान त्यांच्या तिथीला वाढलं. ते पाहायला आजी मात्र नव्हती.

मित्रहो, घरातले जुने कागद रद्दीत घालू नका.