जुन्या गेमचा सातबारा कोणाच्या नावावर?

इअरफोन लावलेत ना? चला.

आज बोलूया ॲन्टस्ट्रीम आर्केडबद्दल. लंडनची कंपनी, स्टीव्ह कॉटम हा तिचा प्रमुख. धंदा काय, तर १९८०-९० च्या काळातले गेम फोनवर, टीव्हीवर, एक्सबॉक्सवर स्ट्रीम करायचे. हजाराच्या वर गेम आहेत त्यांच्याकडे. गेम तुमच्या फोनमध्ये उतरत नाही, तो चालतो त्यांच्या सर्व्हरवर. तुमच्याकडे येतं चित्र आणि आवाज, आणि तुम्ही दाबलेलं बटण तिकडे जातं.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? तेव्हाचा झेडएक्स स्पेक्ट्रम कॉम्प्युटर ४८ केबी मेमरीचा. फॅमिली ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून जड असतो! बरोबर आहे. पण माझ्या मते या कंपनीत सगळ्यात किचकट काम सर्व्हरवाल्यांचं नाहीच. ते आहे परवानग्या मिळवणाऱ्यांचं.

एक उदाहरण घेऊ. 'मॅनिक मायनर'. १९८३ साली लिव्हरपूलकडच्या मॅथ्यू स्मिथ नावाच्या १७ वर्षांच्या पोराने साधारण आठ आठवड्यांत लिहिला. आधी बग-बाइटने काढला. मग त्याच्या करारात असलेल्या एका कलमाचा आधार घेऊन तोच गेम सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स या दुसऱ्या कंपनीकडे गेला. एक गेम, दोन प्रकाशक. दोन्ही कंपन्या पुढे बंद पडल्या.

आणि हा तर गाजलेला गेम, त्याची कहाणी निदान लोकांना माहीत आहे. बाकीच्यांचं काय? घरच्या खोलीत बसून एकट्यादुकट्याने लिहिलेले, कंपनी बुडाली, तिचा माल दुसरीने घेतला, ती तिसरीने गिळली. करारपत्र सापडत नाही. लिहिणारा आज साठीला आलेला, वेगळीच नोकरी करणारा. संगीत कोणी तिसऱ्यानेच दिलेलं. गावाकडे जमीन विकताना सातबारा काढा, वारसनोंद बघा, पुण्याच्या काकांची सही आणा, असं चालतं ना? अगदी तसंच. एक सही राहिली की गेम अडकला.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला होता. २०१० च्या आधी तिथे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न कधी पडलाच नाही म्हणा. '९९९९ इन वन' लिहिलेली कॅसेट टीव्ही गेममध्ये खुपसायची, आत तेच दहा-बारा गेम फिरून फिरून. ते लिहिणाऱ्याला त्यातून छदामही जात नव्हता. म्हणून मला ही परवानग्यांची कटकट आवडते. कोणीतरी त्या माणसाला शोधून विचारतं तरी, बाबा, तुझा गेम लावू का?

आयफोनवाल्यांना मात्र थांबावं लागलं. ॲपलचा हट्ट होता की स्ट्रीमिंगमधला प्रत्येक गेम वेगळा तपासणीला पाठवा. हजार गेमवाल्याने काय करायचं? जानेवारी २०२४ मध्ये नियम सैल झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये ॲन्टस्ट्रीम आयफोनवर आलं.

आता पैशांचं. टेन्सेंट आणि अटारी, दोघांनी यात पैसे घातलेत. वर्षाची वर्गणी आहे, 'लाइफटाइम'ही विकलं गेलंय. इथे मी जरा सावध आहे. लाइफटाइम कोणाचं, तुमचं की कंपनीचं? ऑनलाइव्ह २०१५ मध्ये बंद झालं. गुगलचं स्टेडिया जानेवारी २०२३ मध्ये. एवढा मोठा गुगल! स्ट्रीमिंगमध्ये तुमच्या हातात फाइल नसते, दुकान बंद झालं की गेमही गेला. त्यामुळे मी असतो तर आधी फुकट खेळून बघितलं असतं, मग फार तर एक वर्ष.

आणि हो, खेळताना वायफाय धरा. जुन्या गेममध्ये उडी चुकायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही उशीर लागत नाही, आणि लोकलमध्ये कुर्ला-सायनच्या मध्ये नेट गेलं तर तुमचा खाणकामगार खड्ड्यात.

पुढच्या भागात इम्युलेटर. भेटू!