पुडी प्रथम आपण टाकूं या



ज्युबिलीच्या या मंगलदिनीं आम्हांस एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे. गुटख्यास महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी झाली. तरी आपल्या कळंबांत सुपारी-तंबाखूच्या खर्‍याची पुडी मुलांच्या खिशांत सांपडते. मनुष्याचा मेंदू सुमारें पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या कोवळ्या काळांत तंबाखूंतील निकोटीन मेंदूंतील सुखसंवेदनेची घडण पालटतें. पुढें अफूची व तज्जन्य औषधांची चटक अशा मेंदूस अधिक सहज लागूं शकते, असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलें आहे.

अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें २००३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. परंतु पुडी आणावयास पैसे देऊन त्यास धाडणारे आपणच आहों. आईबापहो, मुलास रागावण्यापूर्वीं आपली पुडी प्रथम आपण टाकूं या. देव आपणां सर्वांस बळ देवो.