लाल त्रिकोण, पिवळी पाटी



अणुऊर्जा क्षेत्रातले परवाने आणि नियमपालन, आणि त्या कामात मिळू शकणाऱ्या नोकऱ्या, हा आजच्या भाषणाचा विषय. यवतमाळात हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे कुठे आहे अणुभट्टी? नाही. महाराष्ट्रातली आहे ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या तारापूरला, १९६९ पासून. आपल्याकडे कापूस, तूर, वणीचा कोळसा आणि मुकुटबनचे सिमेंट. तरीही हा विषय याच जिल्ह्यात मांडावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण अणूत नाही, पऱ्हाटीत आहे.

२०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली होती, फवारा वरून तोंडावर येत होता, बॅटरीच्या पंपाचा जोर जास्त होता आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. कायदा नव्हता असे म्हणावे तर तेही नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. विक्रेत्याला परवाना लागतो, फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, विषबाधा झाली तर ती कळवण्याची तरतूद आहे, डब्यावर विषारीपणाच्या प्रतीप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापावा लागतो. हे सगळे होते. डब्याला चिकटवलेले घडीपत्रकही होते, त्यावर मराठी मजकूर होता, आणि तो भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत होता. सकाळी सात वाजता पाठीवर पंप चढवणाऱ्या मजुराच्या खिशात भिंग असेल, असे कोणत्या साहेबाने गृहीत धरले होते कोण जाणे. लिहिलेले आणि घडणारे यांच्यात केवढे अंतर असू शकते, हे या जिल्ह्याने जीव देऊन पाहिले आहे. हे अंतर मोजत राहायचे आणि ते वाढले की काम थांबवायचे, यालाच नियमन म्हणतात. हा एक पूर्ण वेळचा, शिकून घेण्याजोगा व्यवसाय आहे, आणि आपल्या मुलामुलींनी त्यात जावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

अणुऊर्जेत हा व्यवसाय सर्वांत काटेकोरपणे बांधला गेला आहे, म्हणून उदाहरण तिथले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला. अणुवीज केंद्राला परवाना एकदाच मिळतो आणि काम संपते, असे तिथे होत नाही. आधी जागेची संमती, मग बांधकामाची, मग इंधन भरण्याची, मग भट्टीत पहिल्यांदा साखळी-प्रक्रिया सुरू करण्याची, मग टप्प्याटप्प्याने शक्ती वाढवण्याची. चालवण्याचा परवानाही मुदतीचा, आणि दर दहा वर्षांनी संपूर्ण केंद्राची नव्याने झाडाझडती. गुजरातेतल्या काक्रापारचा ७०० मेगावॅटचा तिसरा संच जुलै २०२० मध्ये पहिल्यांदा पेटला, पण व्यापारी वीज देऊ लागला तो जून २०२३ मध्ये. मधली तीन वर्षे चाचण्या, दुरुस्त्या आणि पुन्हा चाचण्या यांत गेली. ज्यांना हा उशीर वाटतो त्यांनी उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याची कथा वाचावी. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथल्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनचा भडका उडाला, केबलींना आग लागली आणि कित्येक तास केंद्र विजेविना राहिले. भट्टी बंद करण्यात यश आले म्हणून निभावले. त्या प्रकारच्या पात्यांत दोष असल्याची सूचना मूळ तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीकडून काही वर्षे आधी आलेली होती; ती वेळेत अमलात आली नाही. आलेल्या सूचनेचा पाठपुरावा करणे, तारीख घालून उत्तर मागणे, उत्तर आले नाही तर संच बंद ठेवायला सांगणे: हे काम कोणीतरी पगार घेऊन, रोज, कंटाळा न करता करावे लागते.

आता एक छोटी वस्तू जवळून पाहू. किरणोत्सर्गाच्या ठिकाणी काम करणारा माणूस छातीवर एक बिल्ला लावतो. त्याला टीएलडी म्हणतात. आत ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीवर तीन चकत्या, चकत्यांत डिस्प्रोसियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट. अंगावर पडलेला किरणोत्सर्ग हे द्रव्य साठवून ठेवते आणि प्रयोगशाळेत तापवले की तेवढ्याच हिशेबाने उजेड देते. दर तीन महिन्यांनी बिल्ला बदलतो, आकडा त्या माणसाच्या नावावर चढतो आणि तो नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेला तरी त्याच्यामागे जातो. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला एक. या बिल्ल्याशेजारी आपल्या डब्यावरचे घडीपत्रक ठेवा. पत्रक सूचना देते आणि जबाबदारीतून मोकळे होते. बिल्ला घडलेले मोजतो, आणि आकडा वाढला की खुलासा कामगाराकडे नाही, मालकाकडे मागितला जातो. शेतमजुराच्या अंगात किती विष गेले याची नोंदवही या देशात कुठेही नाही.

अशा नोकऱ्या आहेत कुठे? वीज केंद्रे मूठभर, पण किरणोत्सर्ग वापरणाऱ्या जागा देशभर पसरलेल्या आहेत. कर्करोगावर किरणोपचार करणारी रुग्णालये, वेल्डिंगचे सांधे गॅमा किरणांनी तपासणारे कंत्राटदार, बंद टाकीतली पातळी बाहेरून मोजणारी उपकरणे बसवलेले सिमेंटचे आणि पोलादाचे कारखाने, लासलगावला कांद्या-आंब्यावर कोबाल्ट-६० ची प्रक्रिया करणारे केंद्र, आणि पुसद, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा अशा प्रत्येक तालुक्याच्या गावातली एक्स-रे यंत्रे. या प्रत्येकाला नियामक मंडळाचा परवाना किंवा नोंदणी लागते. एक्स-रेच्या बाबतीत प्रत्यक्षात काय होते, ते २०१२ मध्ये कॅगच्या, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, अहवालाने दाखवले: देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी नोंदणी झालेली होती फक्त ५,२७०. मंडळाने पुढे 'ई-लोरा' नावाची ऑनलाइन परवाना व्यवस्था उभी केली, नोंदणी बरीच वाढली. पण संगणकावर अर्ज भरणारा, यंत्राची गुणवत्ता-चाचणी करून घेणारा, अहवालाखाली सही करून त्या सहीला जबाबदार राहणारा माणूस लागतोच. त्याला आरएसओ म्हणतात, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम आहे. अभियंत्यांसाठी भाभा केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय आहे, तसेच मंडळाच्या शिष्यवृत्तीवर आयआयटीत एम.टेक. करण्याची वाट आहे. डिप्लोमा आणि बी.एस्सी.वाल्यांनाही अणुवीज केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून जाता येते. आपल्या मुलांना तलाठ्याच्या जागा किती निघाल्या हे तोंडपाठ असते आणि या वाटांची नावेही ठाऊक नसतात. दोष मुलांचा नाही, सांगणाऱ्यांचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ही परवानाराजचीच नवी आवृत्ती. अधिक सह्या, अधिक हेलपाटे, अधिक चिरीमिरी. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण ज्या माणसाला सात-बाराच्या उताऱ्यासाठी चकरा माराव्या लागल्या त्याला 'परवाना' या शब्दाची शिसारी येणारच. पण चिरीमिरी कुठे माजते ते पाहा. अधिकाऱ्याने काय तपासले हे लिहून ठेवावे लागत नाही आणि नकार दिला तर कारण द्यावे लागत नाही, तिथे ती माजते. चांगल्या नियमनात प्रश्न लेखी, उत्तर लेखी, आणि उत्तर मोजून पाहता येण्याजोगे. अर्थात नियम एकीकडे आणि माल दुसरीकडे असेही घडते. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, १९८५ पासून पडून राहिलेले एक गॅमा उपकरण भंगारात लिलावाने विकले गेले; मायापुरीच्या भंगारबाजारात त्यातला कोबाल्ट उघडा पडला आणि एका कामगाराचा जीव गेला. जिथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक दिवसभर ये-जा करतात, त्या आवारात हे घडले. वापरात नसलेल्या वस्तूची वर्षाकाठी एक नोंद घेणारा माणूस तिथे नव्हता. त्या माणसाची जागा सह्या जास्त झाल्याने रिकामी राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. नियामक मंडळ ज्यांच्यावर देखरेख करते त्या अणुऊर्जा खात्याच्याच साखळीत ते बसलेले; मग तिथला अधिकारी शिक्का मारण्यापलीकडे काय करणार? कॅगनेही मंडळाच्या या दुबळ्या कायदेशीर स्थानावर बोट ठेवले होते. स्वतंत्र प्राधिकरणासाठी २०११ मध्ये विधेयक आले आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर विरून गेले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या 'शांती' कायद्याने मंडळाला कायद्याचे अधिष्ठान दिले, आणि त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्रांचे दार उघडले. मला यातला पहिला भाग उशिरा आलेला न्याय वाटतो, आणि दुसऱ्यामुळे पहिल्याची खरी परीक्षा होणार आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचे लक्ष्य सरकारने जाहीर केले आहे. आजची क्षमता त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. घाई होणार, दडपण येणार. कायद्याने खुर्ची मिळते, कणा मिळत नाही हे खरेच. पण कणा असलेली माणसे आधीच बाहेर थांबली तर आक्षेप आपोआप खरा ठरतो, आणि मग तो खरा निघाल्याचे समाधान तेवढे आपल्या वाट्याला येते.

अणुऊर्जाच नको असे मानणाऱ्यांचा मुद्दा वेगळा आहे: या नोकरीत शिरणे म्हणजे त्या पक्षात जाणे नव्हे काय? रत्नागिरीतल्या जैतापूरकडे पाहून मी उत्तर देतो. सहा संच, एकूण ९,९०० मेगावॅटचा तो मूळ प्रस्ताव. त्याचा पर्यावरण-परिणाम अहवाल आपल्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने केला, २०१० मध्ये जनसुनावणी झाली, आणि गावकऱ्यांची एक ठोस तक्रार होती की मराठीतला अहवाल वेळेत सगळ्या गावांच्या हाती पडला नाही. प्रकल्पाला विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा, दोन्हींसाठी आधी तो अहवाल वाचावा लागतो. समुद्रात सोडलेल्या पाण्याचे तापमान किती वाढेल, भूकंपाचा अंदाज कोणत्या नोंदींवर बांधला, याचे प्रश्न विचारता येणारा माणूस विरोधकांनाही हवाच असतो. हे कौशल्य एका बाजूचे नाही. आणि ते अर्धे भौतिकशास्त्राचे असले तरी अर्धे भाषेचे आहे: 'शक्यतो', 'आवश्यक असल्यास', 'वाजवी कालावधीत' अशा शब्दांना पकडून 'म्हणजे किती दिवस?' असे विचारणे. शास्त्रशाखेच्या मुलांना मराठीचे पेपर ओझे वाटतात. परवान्याच्या अटी तपासताना उपयोगी पडतो तो नेमका तोच अभ्यास.

इथल्या महाविद्यालयांना माझी एक साधी सूचना आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून आपापल्या गावातल्या एका एक्स-रे खोलीपर्यंत पाठवा, आत नव्हे, दारापर्यंत. दारावर तीन पाकळ्यांची पिवळी पाटी आहे का? वरचा लाल दिवा लागतो का? गरोदर बाईने आधी सांगावे ही सूचना मराठीत आहे का, आणि दोन हातांवरून वाचता येते का? भिंतीवरच्या परवान्यावर मुदत कधीची आहे? एवढे लिहून आणायचे, तारखेसह. आणि परतताना वाटेवरच्या कृषी केंद्रात जाऊन लाल त्रिकोणाच्या एका डब्याचे घडीपत्रक उलगडायचे, त्यातल्या सर्वांत लहान अक्षराची उंची पट्टीने मोजायची आणि तीही त्याच वहीत मांडायची.