सर्व्हरलाही सहा-अ हवा



समोर महसूल खात्यातली बरीच मंडळी दिसताहेत, म्हणून उदाहरण सातबाऱ्याचंच घेतो. कल्पित आहे, सरकारी यंत्रणा अशी चालते असा माझा दावा नाही.

समजा, एक सर्व्हर इथं नंदुरबारला, एक धडगावला. दोन्हीकडं एकाच गटाची फाइल. एकीकडचा बदल दुसरीकडं आपोआप पोचतो. एके दिवशी चांदसैली घाटात केबल तुटली. तेवढ्यात इथं त्या गटावर बँकेचा बोजा चढला आणि तिकडं वारसाचं नाव लागलं. संध्याकाळी लाइन आली. आता खरी फाइल कोणती?

नंतरची, असं आपण पटकन म्हणतो. पण धडगावचं घड्याळ चार मिनिटं पुढं असलं तर? आधी लिहिलेली नंतरची ठरते आणि बोजा गुपचूप उडतो. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालीच घड्याळाला बाजूला सारलं. कोणी कोणाचं पाहून लिहिलं, तेवढं मोजा. त्याच विचारातून पुढं निघालेला हिशेब असा: फाइलीवर दोन आकडे, कुठं किती बदल झाले त्याचे. केबल तुटताना दोन्हीकडं आकडे सारखे होते, नंदुरबार ७, धडगाव ४. इथल्या बदलानंतर इथली फाइल ८-४ झाली, तिकडची ७-५. समोर ७-४ असती, तर ८-४ सरळ पुढची. पण ७-५ समोर आली की कोणीच पूर्ण पुढं नाही. दोघांनी एकमेकांचं न पाहता लिहिलंय. हाच संघर्ष.

सर्व्हरांच्या फाइली जुळवणारा ‘सीसिंक२’ नावाचा प्रोग्राम आकडे न मांडता हेच ओळखतो. दोन्हीकडं बदल दिसला की ‘ही फाइल इथंही मळलेली आहे’ अशा अर्थाचा निरोप देऊन तो अडून बसतो. लोक वैतागतात. मला तो अडेलपणा आवडतो. त्याला ‘नवी जिंकेल’ किंवा ‘मोठी जिंकेल’ असं आधीच सांगून ठेवायची सोय आहे. मोठी जिंकेल म्हणजे बळी तो कान पिळी!

तलाठ्याच्या दप्तरात अशा संघर्षाला केव्हापासूनच जागा आहे. फेरफाराला हरकत आली की प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. मग दोन्ही बाजूंना नोटीस, सुनावणी आणि निकाल. तोवर नोंद प्रमाणित होत नाही. सर्व्हरवरही असंच करावं: दोन्ही प्रती शाबूत ठेवून जाणत्या माणसापुढं ठेवाव्यात.

आपल्या उदाहरणात तर दोन्ही नोंदी खऱ्या. एक निवडली की चूकच. माणूस वारसाचं नाव लावतो, बोजाही ठेवतो आणि फाइल नंदुरबारहून पाठवतो. आता तिचे आकडे ९-५. ८-४ च्याही पुढं, ७-५ च्याही. धडगावचा सर्व्हर ती मुकाट्यानं घेतो.