मिलिटरीचं भाडं नेमकं कोणाला मिळतं?

आज जरा जमिनीचं आणि पैशाचं बोलू. माझ्याच फजितीपासून सुरुवात करते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटात एक गृहस्थ आले होते. म्हणाले, "ताई, कामठीकडे जागा आहे, मिलिटरीनं भाड्यानं घेतलेली. तुम्ही वाटा घ्या, भाडं दर महिन्याला खात्यात. सरकार कधी बुडतं का?" मोबाईलवर जपानचा एक व्हिडिओही दाखवला. आम्ही तिघींनी पंधरा-पंधरा हजार टोकन दिलं. माझे पैसे शेळ्या विकून आलेले होते. गटाचे ऐंशी हजारही द्यायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात आमच्या कोषाध्यक्ष म्हणाल्या, "भाऊ, आधी सातबारा दाखवा ना." उद्या आणतो म्हणून गेले, ते आजपर्यंत आले नाहीत.

मग मी चौकशी करत सुटले. गंमत म्हणजे व्हिडिओ खोटा नव्हता. जपानमध्ये ओकिनावा नावाचं बेट आहे. १९४५ च्या लढाईनंतर अमेरिकी सैन्यानं तिथल्या शेतकऱ्यांच्या शेतांना कुंपण घालून तळ उभारले. जमीन शेतकऱ्यांच्या नावावर राहिली. आज जपान सरकार त्या मालकांकडून ती भाड्यानं घेतं आणि अमेरिकेला वापरायला देतं. भाडं सहसा वाढत जातं, म्हणून लोक अशा जमिनी विकत घेतात. किती वर्षांच्या भाड्याइतकी किंमत, असा भाव ठरतो. पण ज्यांची शेतं गेली त्यांना तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, हे त्या व्हिडिओत नव्हतं.

आता आपली कामठी. कन्हान नदीकाठी इंग्रजांनी १८२१ मध्ये छावणी वसवली. आज तिथं गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. छावणीतली लष्कराची जमीन भारत सरकारच्या मालकीची आहे. म्हणजे तिथं लष्कर भाडेकरू नाही, मालक आहे! उलट लोकांनीच सरकारकडून जागा पट्ट्यानं घेतल्या आहेत. जुन्या बंगल्यांपैकी बरेचसे 'ओल्ड ग्रँट'चे असतात. त्यात राहणाऱ्याचं बांधकाम तेवढं त्याचं, खालची जमीन सरकारची. सरकार नोटीस देऊन, बांधकामाची भरपाई देऊन ती परत घेऊ शकतं. असा बंगला कुणी "जमिनीसकट" विकत असेल तर तिथंच थांबायचं.

लष्कर खाजगी जमीन भाड्यानं घेतच नाही, असं मात्र नाही. सीमेकडे, जम्मू-काश्मीरमध्ये, शेतकऱ्यांच्या जमिनी अशा घेतल्या आहेत. १९५२ च्या कायद्यानं सरकार जमीन तात्पुरती ताब्यात घेऊन भाड्याइतका मोबदला देऊ शकतं. पण कोणती जमीन घ्यायची ते सरकार ठरवतं आणि मोबदला ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळतो. हळदीकुंकवाला वाटे विकून नाही.

आणखी एक. "मिलिटरीच्या बाजूला प्लॉट आहे, भाव दुप्पट होईल," असंही सांगतात. पुलगावच्या दारूगोळा भांडारासारख्या ठिकाणांभोवती १९०३ च्या कायद्यानं बांधकामावर बंधनं घालता येतात. २०१६ च्या मे महिन्याच्या शेवटी तिथं केवढी आग लागली होती, आठवत असेल. असा प्लॉट घेतलात आणि घर बांधायला परवानगीच मिळाली नाही, तर करणार काय?

म्हणून कागद बघा बायांनो. गावातली जमीन असेल तर पटवाऱ्याकडून किंवा ऑनलाईन ताजा सातबारा आणि फेरफार काढा. वाटा विकणाऱ्याचं नाव त्यात आहे का बघा. जागा छावणीतली असेल तर तिची नोंद 'जनरल लँड रजिस्टर'मध्ये असते, तिची चौकशी कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या कार्यालयात करा. लष्करानं जागा घेतली म्हणतात, तर तसा करार किंवा आदेश मागा. नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे, खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे व्हावी लागते. आणि गटाचे पैसे बैठकीत ठराव झाल्याशिवाय हलवू नका, भाऊजींचा कितीही आग्रह असला तरी.

मिलिटरीमुळे घरात भाडं यायचा एक साधा मार्ग मला माहीत आहे. माझ्या नणंदेनं कामठीत स्वतःच्या घरामागे दोन खोल्या काढल्या आणि जवानांच्या कुटुंबांना दिल्या. भाडेकराराची नोंदणी केली, पोलिसांत माहिती दिली. बदली झाली की खोली महिना-दीड महिना रिकामी राहते, नळाची कटकट असतेच. पण घरपट्टीवर नाव तिचं आहे.

आम्ही तिघींनी पोलिसांत लेखी तक्रार दिली, पोचही घेतली. पैसे अजून आलेले नाहीत. पावती कधी घेतलीच नव्हती, म्हणून त्या गृहस्थांनी "रक्कम मिळाली" असा पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज छापून सोबत जोडला आहे.