सांभाळायला दिलेली गाणी



कॅनडात युकॉन आणि क्लोंडाइक नद्यांच्या संगमावर डॉसन नावाचं छोटं गाव आहे. तिथे युकॉनवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, नदी गोठली की बर्फावरून वाट. १८९६ साली जवळच सोनं सापडलं आणि दोन वर्षांत हजारो लोक येऊन थडकले. मूळच्या ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांना जागा सोडून मूसहाइडला जावं लागलं. या गर्दीत आपली गाणी हरवतील, हे ओळखून त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी ती अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली. सोन्यामागची गर्दी लवकरच ओसरली. गाणी मात्र परत आली. मूसहाइडच्या मेळाव्यात आता ती पुन्हा घुमतात.

आपणही एकमेकांकडे बरंच काही ठेवून गेलो होतो. आज ते मागून घेऊ या.