हिरवें वेष्टण आणि सावध गिऱ्हाईक

जाहिरातीची कला ही गिऱ्हाइकाच्या मनाची सावली आहे. एके काळीं साबणाची वडी ‘कांति उजळते’ या वचनावर खपे. पुढें ती ‘जंतु मारते’ म्हणून खपूं लागली. आणि आज तिच्या वेष्टणावर एक हिरवें पान छापलेलें असतें, व ती पृथ्वीचें रक्षण करते असें आपणांस सांगण्यांत येतें. वडी तीच असेल वा निराळी असेल. पालटली आहे ती आपल्या मनांतील काळजी. नद्यांचें पाणी, शहरांतील हवा, वेशीबाहेरचे कचऱ्याचे डोंगर यांविषयीं सुशिक्षित कुटुंबांना मनापासून कांहीं वाटूं लागलें, ही इष्टच गोष्ट झाली. परंतु ज्या क्षणीं ही काळजी बाजारांत पोहोंचली, त्या क्षणीं तिला भाव आला. आणि ज्याला भाव येतो, त्याची नक्कलहि निघते.

या नकलेला आतां नांवहि मिळालें आहे. 1986 मध्यें जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन लेखकानें हॉटेलांतील एका सूचनेवर टीका केली. निसर्गरक्षणासाठीं पाहुण्यांनीं टॉवेल पुन्हां वापरावे, अशी ती सूचना होती. धुलाईचा खर्च मात्र वांचत होता तो हॉटेलाचा. अशा वरवरच्या हिरवेपणाला तेव्हांपासून ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. आपण त्याला हिरवा मुलामा म्हणूं.

मुलामा नेहमीं निखळ खोट्याचाच असतो असें नाहीं. अर्धवट सत्याचा मुलामा अधिक टिकतो. अमेरिकेंत मोबिल कंपनीनें कचऱ्याच्या प्लॅस्टिक पिशव्या ‘विघटनशील’ म्हणून विकावयास आणल्या. उन्हांत त्यांचे तुकडे होतात, हा दावा होता. पण कचरा पुरला जातो तो जमिनीच्या पोटांत. तेथें ऊन कोठलें? 1990 मध्यें तेथील सात राज्यांनीं कंपनीवर फिर्यादी केल्या, आणि 1992 मध्यें अमेरिकेच्या व्यापार आयोगानें अशा दाव्यांसाठीं मार्गदर्शक नियम घालून दिले.

हा प्रश्न आपल्याहि दाराशीं आहे. महाराष्ट्रांत 2018 मध्यें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. त्यानंतर ‘मी प्लॅस्टिक नव्हे’ अशा अर्थाचीं अक्षरें मिरविणाऱ्या मऊ पिशव्या हातीं पडूं लागल्या. त्यांतील कांहीं खरोखरच खत होण्याजोग्या असतात; परंतु त्यांची परीक्षा होते ती सुमारें 58 अंश सेल्सिअस उष्णता राखलेल्या खतांत. घरच्या कुंडींत किंवा रस्त्याच्या गटारांत ती उष्णता कोठून येणार? पिशवी खरी, तिच्यावरील शब्दहि खरा. पण तो जेथें खरा ठरतो ती जागा गिऱ्हाइकाला कोणी दाखविलेली नसते.

मग खऱ्याखोट्याची निवड कोणीं करावी? विकणाऱ्यानें स्वतःच स्वतःला प्रशस्तिपत्र द्यावें, यांत अर्थ नाहीं. कस लावणारा सोनार निराळा हवा. पश्चिम जर्मनीनें 1978 मध्यें ‘ब्लू एंजल’ हें चिन्ह काढलें तें याच हेतूनें. आपल्या सरकारनें 1991 मध्यें ‘इकोमार्क’ सुरू केला आणि त्यासाठीं मातीचें मडकें हें चिन्ह निवडलें. निवड मोठी समर्पक होती. मडकें मातीपासून होतें, त्याच्या घडणीला ऊर्जा थोडी लागते, आणि फुटलें तरी तें विषारी कचरा मागें ठेवीत नाहीं. परंतु हें मडकें आपल्यापैकीं किती जणांनीं वेष्टणावर पाहिलें आहे? फारच थोड्या कारखानदारांनीं तें घेतलें. कारण उघड आहे. मडक्यासाठीं परीक्षा द्यावी लागे. पान मात्र चित्रकाराकडून फुकटांत काढून मिळे, आणि गिऱ्हाईक दोहोंत भेद करीत नसे.

येथेंच खरी हानि आहे. जो कारखानदार सांडपाणी शुद्ध करण्यावर पैसा खर्च करतो, त्याचा माल महाग पडतो. जो केवळ वेष्टण रंगवितो, त्याचा स्वस्त राहतो. दोघांच्या मालावर पान सारखेंच. अशा बाजारांत प्रामाणिक मनुष्य मागें पडतो, आणि फसलेलें गिऱ्हाईक शेवटीं सर्वच हिरव्या शब्दांना हंसूं लागतें. विश्वास ही गांवाची सामाईक विहीर आहे. एकानें तिच्यांत घाण टाकली, तरी पाणी सर्वांचेंच नासतें.

या विहिरीला कांठ बांधण्याचा यत्न 2024 मध्यें झाला. जुन्या योजनेच्या जागीं इकोमार्कचे नवे नियम आले. आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें हिरव्या मुलाम्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘हिरवें’, ‘पर्यावरणस्नेही’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द वापरावयाचे, तर त्यांचा नेमका अर्थ सांगावा व पुरावा दाखवावा, असें त्या सांगतात. तुलना करावयाची, तर ती कशाशीं हें स्पष्ट करावें. नुसता हिरवा रंग हा मात्र त्यांच्या लेखीं अपराध नव्हे, जोंवर तो फसवीत नाहीं. आणि तें योग्यच आहे.

तथापि सूचनांना बळ येतें तें विचारणाऱ्यामुळें. वस्तु हातीं घेतांना तीन प्रश्न पुरेत. हा गुण मालाचा, कीं केवळ डब्याचा? ‘तीस टक्के कमी’ तें कशापेक्षां? आणि परीक्षा कोणीं घेतली?

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. घरची कापडी पिशवी, दुरुस्त करून वापरलेला पंखा, पुन्हां भरलेली बरणी, आणि न घेतलेली अनावश्यक वस्तु, यांची जाहिरात कोणीहि करीत नाहीं; कारण त्यांत विकण्यासारखें कांहीं उरत नाहीं. बाजार आपल्याला अधिक चांगली वस्तु देऊं शकेल. पण पुरे केव्हां म्हणावें, हें मात्र तो कधींच सांगणार नाहीं. तें घरानेंच ठरवावयाचें आहे.